आरोग्य पथक येण्याआधी, आल्यावर आणि गेल्यावर: नव्या गुरुजी-बाईंसाठी

पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली, दोनशिक्षकी शाळा मिळाली, तुम्ही रुजू झालात. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक तुम्हाला हजेरीपट, पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस (शाळेची ऑनलाइन माहिती) असं सगळं समजावून सांगतील. मग एखाद्या दुपारी फोन येईल, "उद्या आरबीएसकेचं पथक येतंय, मुलं हजर ठेवा." एवढंच. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्याचं पथक मुलांची आरोग्य तपासणी करतं. हजर ठेवायची म्हणजे करायचं काय, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पंचवीसेक वर्षं काढल्यावर, चुका करून करून जे कळलं ते इथं क्रमानं लिहिते. तुमची शाळा विदर्भातली असेल किंवा कोकणातली, तपशील थोडे बदलतील, क्रम तोच राहील.

आधी एक गोष्ट. "मूल वाचत नाही" ही तक्रार आपण अभ्यासाच्या कप्प्यात टाकतो आणि "कान वाहतोय" ही आरोग्याच्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत मात्र दोन्ही शेजारी शेजारी आहेत. या कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ३० आजार-व्यंगं शोधायची, असं त्याचं काम. त्या ३० मध्ये टाळू फाटलेली असणं आहे, हृदयाचा जन्मजात दोष आहे, रक्तक्षय आहे, किडके दात आहेत, खरूज-नायटा आहे, कमी दिसणं आणि कमी ऐकू येणं आहे, आणि अध्ययन अक्षमताही आहे. म्हणजे तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पुस्तक उलटं धरणारं मूल हा पथकाचाही विषय आहे. हे पथकाला ठाऊक असतं. पण एका दिवसात शंभर मुलं बघणाऱ्या डॉक्टरांना कुठलं मूल वाचत नाही ते कसं कळणार? ते सांगायचं काम तुमचं.

जून: एक दोनशे पानी वही

शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. ऑनलाइन नोंदी कराव्या लागतीलच, पण ही वही तुमची. पानावर नाव, जन्मतारीख, घरी बोलली जाणारी भाषा, घरचे कामासाठी बाहेरगावी जातात का, वजन, उंची, लसींची माहिती, डोळे, कान, वाचनाची पातळी आणि खाली भरपूर मोकळी जागा. वजनकाटा शाळेत नसेल तर अंगणवाडीताईंकडून एका दिवसासाठी आणा. त्या देतात, फक्त परत वेळेवर करा.

घरच्या भाषेची नोंद फालतू वाटेल. तांड्यावरून येणारं मूल घरी गोरमाटी बोलतं, खानदेशातलं अहिराणी, मेळघाटातलं कोरकू, नंदुरबारकडचं भिली किंवा पावरी. पहिलीत ते तुमच्याकडे टकामका बघत बसतं, तेव्हा त्याला "ढ" ठरवण्याआधी हे पान उघडायचं.

लसीचं कार्ड

पहिल्या पालकसभेत "माता व बालसंरक्षण कार्ड घेऊन या" असं सांगा. निम्म्या जणांना हे नाव कळणार नाही. "बाळंतपणात सिस्टरनी दिलेलं, डोस लिहायचं कार्ड" म्हटलं की कळतं. कार्ड नाही म्हणून कुणाचा प्रवेश अडवायचा नाही, रागवायचंही नाही. रागावलात तर पुढच्या सभेला ती आई येणारच नाही. कार्ड हरवलं असेल तर आशाताईंच्या किंवा उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेच्या नोंदीत बहुतेक वेळा सापडतं. हल्ली यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवरही नोंद असते, पण त्यासाठी तेव्हा दिलेला मोबाइल नंबर लागतो आणि आपल्याकडे सिमकार्ड वर्षाला बदलतं.

कार्डात काय बघायचं? सगळं समजायची गरज नाही. शिक्षकाला चार ठिकाणं पाहता आली तरी पुरे.

एक, गोवर-रुबेलाचे दोन डोस. पहिला ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. आमच्याकडे राहतो तो दुसराच. पहिल्या वर्षी सगळे धावपळ करतात, मूल चालायला लागलं की आईला वाटतं झाल्या लसी.

दोन, डीपीटीचा दुसरा बूस्टर. हा ५ ते ६ वर्षांचा असताना द्यायचा, म्हणजे मूल बालवाडीतून पहिलीत येतं तेव्हा. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यासाठी. अंगणवाडी सुटलेली, शाळा नुकती लागलेली, मधल्या मधे ही लस कुणाच्याच लक्षात राहत नाही. पहिलीच्या वर्गशिक्षकानं बाकी काही नाही बघितलं तरी हे बघावं. सात वर्षांचं झाल्यावर डीपीटी देत नाहीत.

तीन, १० व्या वर्षी टीडी, म्हणजे साधारण पाचवी.

चार, १६ व्या वर्षी पुन्हा टीडी, म्हणजे दहावी. पूर्वी या जागी टीटी असायची, जुन्या पालकांना तेच नाव माहीत आहे. टीडीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते.

राहिलेल्यांची यादी करून आरोग्य सेविकेला द्या. शाळेतून यादी गेली की त्यांचंही काम सोपं होतं, कारण गावात घरोघर फिरून दुपारी दाराला कुलूप बघून परत यायचं त्यांच्या नशिबी असतं. या सगळ्या लसी सरकारी केंद्रात फुकट मिळतात. एखादे वडील म्हणतील, "आम्ही प्रायव्हेटला दिल्यात." मग तिथली फाइल मागा. तोंडी उत्तरावर वहीत बरोबरची खूण करू नका.

शाळेतच लसीकरण असेल, जसं नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाच्या मोहिमेत राज्यभर झालं, तर आदल्या दिवशी घरी चिठ्ठी जाऊ द्या. कशाची लस, किती वाजता, नंतर काय होऊ शकतं, हे त्यात साध्या भाषेत. मुलांना खाऊन यायला सांगा. लस एका खोलीत आणि रांग दुसऱ्या खोलीत ठेवा. समोरचा रडताना दिसला की मागची दहा जण घाबरतात, आणि पाचवी-सहावीच्या मुली सुईपेक्षा त्या भीतीनंच चक्कर येऊन पडतात. बसवून लस द्यायची, नंतर अर्धा तास शाळेतच थांबवायचं. दंड दुखणं, एखादा दिवस कणकण हे चालायचंच. अर्ध्या तासात कुणाच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, ओठ-डोळे सुजले तर तिथल्या तिथे सिस्टरना सांगा आणि १०८ ला फोन लावा. म्हणून सिस्टर पेटी बंद करून निघाल्या तरी अर्धा तास संपेपर्यंत त्यांना चहा पाजून थांबवून ठेवा.

लसीबद्दल शंका घेणाऱ्या पालकाशी वाद घालू नका. व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ दाखवणाऱ्या एका आजोबांशी मी तासभर भांडले होते, काही उपयोग झाला नाही. त्यांच्याच भावकीतल्या, नातवंडांना लस दिलेल्या एका आजीला सोबत घेऊन दुसऱ्या दिवशी गेले, तर पाच मिनिटांत काम झालं.

आणि वर्गात ताप-पुरळ घेऊन कुणी आलं तर त्याच दिवशी आरोग्य सेविकेला कळवा. गोवराचं मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यावर चार दिवसांपर्यंत दुसऱ्यांना आजार देतं. तेवढे दिवस ते घरीच राहायला हवं. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला गोवराचा उद्रेक झाला होता, तेव्हा आजार गेला असं म्हणणारे आपण सगळेच गप्प झालो होतो.

डोळे आणि कान: पथकाची वाट बघू नका

हे दोन्ही तुम्ही स्वतः प्राथमिक पाहू शकता, आणि जुलैतच पाहा. डोळ्यांसाठी ई-अक्षराचा तक्ता आरोग्य केंद्रातून मिळतो. ६ मीटरची सुतळी मोजून घ्या, एक टोक तक्त्याच्या भिंतीपाशी, दुसऱ्या टोकाला मूल. खोली लहान असेल तर व्हरांड्यात, पण तक्त्यावर चांगला उजेड पडला पाहिजे. एक डोळा तळहातानं झाकायचा, दाबायचा नाही. ईची टोकं कुठल्या बाजूला आहेत ते मुलानं हातानं दाखवायचं, त्यामुळे अक्षर न येणाऱ्या पहिलीतल्या मुलाचीही तपासणी होते. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांनी एकदम बघायला लावलंत तर एका डोळ्यानं कमी दिसणारं मूल सुटून जातं. मुलं हुशार असतात, बोटांच्या फटीतूनही बघतात.

ज्याला अडचण वाटली त्याचं नाव वहीत. चष्मा देण्याचं काम तुमचं नाही, पाठवण्याचं आहे. शाळकरी मुलांना सरकारी कार्यक्रमातून चष्मा फुकट मिळतो. मुलीला चष्मा लागला तर आई म्हणेल, "पुढं लग्नाला अडचण येईल." तिला उपदेश नको. तुमच्या वर्गात चष्मा घालणारी बाई, म्हणजे तुम्हीच, समोर उभी असेल तर बरंच काम होतं.

कानाचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण इथं मी फसले होते. तिसरीत एक मुलगी होती. रोज भिंतीला लागून, खोलीच्या उजव्या कडेला बसायची. हलवलं की रडायची. मी तिला हट्टी ठरवलं आणि "सगळ्यांनी जागा बदलायची" असा नियम काढून डाव्या कडेला नेऊन बसवलं. महिन्याभरात तिचं श्रुतलेखन घसरलं. "पाट" सांगितलं तर "बाट", "तळ" सांगितलं तर "कळ". फळ्यावरून उतरवायला दिलं की एक चूक नाही. त्या फरकावर माझं लक्ष गेलं तेव्हा दिवाळी येऊन ठेपली होती. तिचा उजवा कान कित्येक महिने वाहत होता. घरी तेल टाकायचे, वर कापसाचा बोळा. चांगला डावा कान वर्गाकडे राहावा म्हणून ती लेकरू स्वतःच उजव्या भिंतीला बसत होतं, आणि मी ती सोय काढून घेतली होती.

तेव्हापासून माझी एक साधी चाचणी आहे. मुलाच्या मागे, हातभर अंतरावर उभं राहायचं, त्याला एका कानाचं छिद्र बोटानं बंद करायला सांगायचं आणि कुजबुजत ओळखीचा शब्द म्हणायचा: "भाकरी", "सायकल". त्यानं तो परत म्हणायचा. मग दुसरा कान. हे डॉक्टरी निदान नव्हे, पण कुणाला पाठवायचं ते कळतं. कान वाहणारं मूल असेल तर चाचणीचीही गरज नाही, सरळ आरोग्य केंद्रात. तेल नाही, काडी नाही.

पथकाचा दिवस

पथकात साधारण दोन आयुष डॉक्टर असतात, एक पुरुष आणि एक महिला, शिवाय एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा येतात, शाळेत एकदा. म्हणजे त्या दिवशी जे मूल गैरहजर, ते वर्षभर सुटलं. आदल्या संध्याकाळी गैरहजर राहणाऱ्या नेहमीच्या घरांना निरोप पाठवा. बाजाराचा वार असेल तर पथकाला आधीच सांगून तारीख बदलून मागा. ते ऐकतात.

मुलींच्या तपासणीला आडोसा हवा आणि एक शिक्षिका किंवा अंगणवाडीताई जवळ हवी. शाळेत सगळेच पुरुष शिक्षक असतील तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या मातेला बोलवा. कुणाला काय निघालं हे वर्गात मोठ्यानं वाचून दाखवू नका. "खरूज" हे नाव एकदा चिकटलं की चौथीपर्यंत सुटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, तुमची वही घेऊन डॉक्टरांच्या शेजारी बसा. मूल समोर आलं की एक वाक्य पुरतं: "याला फळ्यावरचं दिसत नाही", "ही प्रार्थनेला उभी राहिली की धापा टाकते", "हा मधेच दहा-पंधरा सेकंद हरवल्यासारखा बघतो", "ही माती खाते", "हा तिसरीत आहे आणि अजून शब्द वाचत नाही". या वाक्यांवर डॉक्टर थांबतात.

चिठ्ठी दप्तरात टाकू नका

या लेखातली दुसरी कुठलीही गोष्ट विसरलात तरी चालेल, पण ही विसरू नका. तपासणीत काही आढळलं की पथक संदर्भ चिठ्ठी देतं: ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. पथकं नवीन होती त्या काळात मी चार चिठ्ठ्या चार मुलांच्या दप्तरात टाकल्या आणि "घरी द्या हं" म्हटलं. पुढच्या वर्षी तेच डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, त्या चौघांचं काय झालं? चौघांपैकी एकही गेलं नव्हतं. एका चिठ्ठीची होडी झाली होती, हे त्या मुलानंच सांगितलं.

आता असं करते. चिठ्ठीचा फोटो काढते, पालकांना शाळेत बोलावून चिठ्ठी हातात देते आणि तिथंच चार प्रश्न विचारते: कोण घेऊन जाणार, कुठल्या दिवशी, मजुरी बुडणार त्याचं काय, गाडीभाडं आहे का? या चारपैकी एकाचं उत्तर अडलं की ते मूल जात नाही. एकाच दिवशी दोन-तीन मुलं पाठवायची असतील तर पथकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला वाहनाची विचारणा करा. गावातला कुणी जाणता माणूस सोबत दिला तर रुग्णालयातल्या खिडक्यांना घाबरून परत येण्याचं प्रमाण कमी होतं. हृदयाची शस्त्रक्रिया, फाटलेला ओठ-टाळू अशा मोठ्या गोष्टींचा खर्च कार्यक्रमातून किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतो. हे पालकांना पहिल्या वाक्यात सांगा. "ऑपरेशन" शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांपुढे आधी शेत उभं राहतं.

वहीत त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. मूल जाऊन आलं की कोपरा सरळ करायचा. माझ्या वहीचे किती कोपरे दुमडलेले आहेत, हे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मोजते.

गोळ्यांबद्दल थोडक्यात

लोहाची गोळी आठवड्यातून एकदाच: ५ ते १० वर्षांच्या मुलांना गुलाबी, त्यापुढे निळी. बहुतेक ठिकाणी सोमवार ठरलेला असतो. खिचडी पोटात गेल्यावरच द्या. एकदा अधिकारी येणार म्हणून घाईत मी जेवणाआधी वाटल्या, तीन मुलींना उलट्या झाल्या आणि दुपारी अर्धं गाव शाळेत. त्यानंतर दोन महिने कुणी गोळी घेईना. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नको. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे विशेष लक्षात ठेवा.

जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी, शाळेतल्या मुलांना ४०० मिलिग्रॅम. चावून खायला लावा, तुमच्या समोर. घरी नेऊ देऊ नका. त्या दिवशी आजारी असलेल्याला देऊ नका, त्याच्यासाठी नंतर मॉप-अपचा दिवस असतो.

वाचन: आधी खरं काय ते शोधा

डोळे बघितले, कान बघितले, घरची भाषा माहीत आहे, गैरहजेरी माहीत आहे. आता वाचन. हा क्रम उलटा करू नका. रोज तासभर वाचनाचा सराव घेऊन न दिसणाऱ्या मुलाला दिसायला लागत नाही.

पातळी बघायला मोठी परीक्षा लागत नाही. मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' या देशभरच्या पाहणीत वापरतात तशी चार पायऱ्यांची पट्टी करा: सुटी अक्षरं, साधे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद, आठ-दहा वाक्यांची गोष्ट. प्रत्येक मुलाला एकट्याला, वर्गाबाहेर, तीन-चार मिनिटं. परिच्छेद आधी द्या. आला तर गोष्ट, नाही आला तर शब्द, मग अक्षरं. चौथीतल्या मुलालाही. चौथीतल्या मुलांना अक्षरांवर अडलेलं पाहून मीही दचकले होते, तुम्ही दचकाल. चेहऱ्यावर दाखवू नका.

फसवणारी मुलं असतात. पाठ्यपुस्तकातला धडा ती घडाघडा म्हणतात, बोट मात्र दोन ओळी मागे. ते पाठांतर. अशा मुलाला तोच धडा शेवटच्या ओळीपासून वाचायला सांगा. किंवा माझा आवडता उपाय, खोटे शब्द. "कमल", "मलम" त्याला आठवणीनं येतील. "मकब", "लनम", "बिकू" असे अर्थ नसलेले शब्द मात्र अक्षर ओळखल्याशिवाय वाचता येत नाहीत. मुलांना मजाही वाटते, परग्रहावरची भाषा म्हणून.

निपुण भारत या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानात दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द बरोबर वाचावेत आणि तिसरीच्या मुलानं किमान ६०, असं ध्येय ठेवलंय. हे आकडे तुमच्या वहीसाठी आहेत. मुलासमोर घड्याळ धरून वाचायला लावलं की जे येतं तेही जातं.

मग गट करा, इयत्तेनुसार नाही, पायरीनुसार. दुसरी ते पाचवीतली अक्षरांच्या पायरीवरची सगळी मुलं एकत्र. दोनशिक्षकी शाळेत हे उलट सोपं जातं, एका शिक्षकाकडे खालच्या दोन पायऱ्या, दुसऱ्याकडे वरच्या दोन. रोज पाऊण तास, सकाळच्या सत्रात, आणि तो तास कुठल्याही माहिती भरण्यासाठी मोडायचा नाही. (मोडतो. मला माहीत आहे. तरी लिहिते.)

अक्षरांच्या गटाला सगळी बाराखडी एकदम देऊ नका. न, म, क, ल, ब अशी पाच अक्षरं घ्या, त्यांचेच शब्द करा: नल, कमल, मलम, नमन. मग काना, मग एकेक स्वरचिन्ह. दिसायला सारखी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका: ब-व, भ-म, घ-ध, थ-य. ख अनेकांना रव दिसतो, आणि तसं लिहिणाऱ्याची चूक नाही, आपली लिपीच तशी आहे.

पहिली वेलांटी हा आपला खास खड्डा. लिहिताना ती अक्षराच्या आधी येते, बोलताना नंतर. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल इथं हमखास पडतं. बोट आधी अक्षरावर ठेवायचं, मग वेलांटीवर, असं महिनाभर करून घ्या. रफाराचं तसंच: "सूर्य"मधला र आधी उच्चारायचा आणि बसलाय मात्र य च्या डोक्यावर. "दर्या" आणि "दऱ्या" यांतला फरक चौथीतल्या चांगल्या वाचणाऱ्यांसाठी ठेवा. कच्च्या मुलाला आज त्याची गरज नाही.

गोष्टीच्या आधी गप्पा मारा. पोळ्याला बैल कसा सजवला हे मूल सांगतं, तुम्ही त्याचीच तीन वाक्यं त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. घरची भाषा मधे आली तर येऊ द्या, एका वाक्यात अहिराणी शब्द असला म्हणून काही बिघडत नाही. स्वतः बोललेलं वाचायला मूल कधीच कंटाळत नाही.

दर सहा आठवड्यांनी तीच पट्टी पुन्हा. वर सरकलेली मुलं पुढच्या गटात.

जे हलत नाही ते मूल

तीन-चार महिने रोज सराव झाला, हजेरी चांगली आहे, डोळे-कान ठीक आहेत, भाषा कळते, तरी एखादं मूल जागचं हलत नाही. बोलायला चुणचुणीत, तोंडी हिशेबात दुकानदाराला ऐकणार नाही, ऐकलेली गोष्ट शब्दाला शब्द सांगतं, पण एकच शब्द पहिल्या ओळीत बरोबर वाचतं आणि तिसऱ्या ओळीत अडतं. फळ्यावरून उतरवतानाही अक्षरं गळतात. वडील सांगतात, "मलाबी असंच व्हायचं, म्हणून शाळा सोडली." इथं अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. शंकाच. नाव ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. तिसरी किंवा आठ वर्षं हे वय पाठवण्यासाठी योग्य, त्याआधी पहिलीतल्या मुलावर हा शिक्का नको.

तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, पहिला फोन त्यांना. सोबत तुमची वही आणि मुलाच्या वह्या ठेवा, तारखांसकट. पथकाकडूनही डीईआयसीची चिठ्ठी मिळते. पुढची तपासणी एका दिवसात संपत नाही, बुद्ध्यंक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्यांसाठी दोन-तीन खेपा होतात, हे पालकांना आधी सांगा, नाहीतर पहिल्या खेपेनंतर ते जाणं सोडतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ही अक्षमता मान्य आहे, आणि महाराष्ट्रात तर १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष वगैरे. दहावीच्या वर्षी प्रमाणपत्रासाठी धावणारे पालक आपण बघतो. ती धावपळ चौथीतच टाळता येते.

"दिव्यांग" शब्दाला घरचे बिचकतात. मी सांगते, "तुमच्या लेकराला समजतं सगळं, फक्त अक्षराचा रस्ता त्याला वेगळा लागतो." आणि तोवर वर्गात त्याची तोंडी परीक्षा घ्या, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका.

दसऱ्यानंतर जाणारी मुलं

शेवटचं, आणि आमच्या भागात सगळ्यात अवघड. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं आणि आजी सांभाळायला असली तर मूल थांबतं, नाहीतर आई-बापाबरोबर कारखान्याच्या फडात. डोस तिथं राहतो, चष्म्याची तारीख राहते, वाचन राहतं.

मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन झाली की तारीख कळतेच. त्या आठवड्यात वहीतलं पान कागदावर उतरवून काढा: कुठली लस कधी द्यायची आहे, कुठली चिठ्ठी बाकी आहे, वाचनाची पायरी कुठली, खाली शाळेचा नंबर. त्याचे दोन फोटो, एक आईच्या फोनमध्ये, एक मुकादमाच्या. राहिलेली लस निघायच्या आधी देता आली तर आरोग्य सेविकेला सांगून देऊनच टाका. मुलाच्या दप्तरात त्याच्या पायरीची दोन पातळ पुस्तकं ठेवा आणि ती परत येणार नाहीत असं धरूनच द्या.

मार्च-एप्रिलमध्ये ट्रॅक्टर परत येतात. मूल शाळेत आलं की पहिल्या दिवशी वजन करा, जाताना वाचलेला तोच परिच्छेद पुन्हा वाचायला द्या, आणि आईच्या फोनमधला फोटो काढून बघा, तिथल्या कुठल्या सिस्टरनी त्यावर काही लिहिलंय का. कधी कधी लिहिलेलं असतं.